धूसर फोटो, अडकलेली लेन्स: स्वस्त कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या नेहमीच्या तक्रारी आणि उपाय

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. फोटो काढणं आणि प्रिंट हा मुख्य धंदा, छोट्या कॅमेऱ्यांची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती हा जोडधंदा. गेल्या दोन-तीन वर्षांत खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे परत दिसायला लागलेत. कॉलेजची पोरं मामाच्या कपाटात पडलेला कॅमेरा शोधून आणतात, काही जण ऑनलाइन नवा मागवतात, आणि पंधरा दिवसांत काउंटरवर ठेवून म्हणतात, "दादा, ह्यो खराब लागलाय."

त्यातले बरेचसे कॅमेरे खराब नसतात. पण काही खरंच असतात, आणि दोन्हींची लक्षणं वरवर सारखीच दिसतात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

विकत घेण्याआधी लोक ऑनलाइन अभिप्राय वाचतात आणि गोंधळतात. एकाच कॅमेऱ्याखाली एक जण लिहितो "फोटो एकदम झकास", त्याच्या खालचा लिहितो "पैसे पाण्यात". मी गिऱ्हाइकाला सांगतो की दोघंही खरं बोलतायत. पहिल्यानं सकाळी रंकाळ्यावर फोटो काढले, दुसऱ्यानं रात्री मंगल कार्यालयात. अभिप्रायात फोटो कुठं काढला आणि किती वाजता, एवढं लिहिलं असेल तरच त्याचा उपयोग. डिलिव्हरी ज्या दिवशी मिळाली त्याच दिवशी दिलेले पाच तारे मी वाचतच नाही. पॅकिंग चांगलं होतं, एवढंच त्यातून कळतं. चार-सहा महिने वापरून लिहिलेला तीन ताऱ्यांचा अभिप्राय सापडला, तर तो शांतपणे दोनदा वाचावा.

स्क्रीनवर छान, कॉम्प्युटरवर धूसर

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. मागच्या जानेवारीत कळंब्याकडच्या एका शाळेतल्या बाई आल्या. शाळेच्या गॅदरिंगचे फोटो काढायला त्यांनी मुद्दाम नवा कॅमेरा घेतला होता. साठ-पासष्ट फोटो, त्यातले दोन-तीनच धड. बाई मनातून खट्टू झाल्या होत्या, कारण दुसरीतल्या मुलींचा लेझीमचा कार्यक्रम त्यांनीच बसवला होता आणि तो परत होणार नव्हता.

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि फोटोची माहिती उघडली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये शटर किती वेळ उघडं होतं, आयएसओ (कॅमेरा कमी उजेडाला किती जोर लावून वाढवतो तो आकडा) किती, झूम कुठं होता, हे सगळं नोंदलेलं असतं. बाईंच्या बहुतेक फोटोंत झूम पूर्ण ताणलेला, शटर १/१० सेकंद, आयएसओ ८००. हे बघितल्यावर कॅमेरा उघडून बघायची गरजच उरली नाही.

"बाई, बसला होता कुठं?"

"तिसऱ्या रांगेत. जागेवरनं उठले नाही, मुलं हसतात ना."

यामागचं गणित सांगतो, कारण ते एकदा कळलं की निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. अशा बऱ्याच स्वस्त कॅमेऱ्यांची लेन्स साधारण २६ ते १३० मिलिमीटरची असते. झूम न करता तिचं तोंड एफ ३.२ इतकं उघडतं, पूर्ण झूम केल्यावर एफ ६.४. हा आकडा दुप्पट झाला की सेन्सरवर, म्हणजे फोटो टिपणाऱ्या आतल्या चिपवर, येणारा उजेड चौथाई होतो. दुसरीकडे, हात न हलता फोटो यायला झूमच्या प्रमाणात शटर जलद लागतं: २६ ला साधारण १/३० पुरतं, १३० ला निदान १/१२५ हवं. म्हणजे उजेड चारपट कमी आणि गरज चार-पाचपट जास्त. जागेवर बसून झूम करण्यानं कॅमेऱ्याचं काम जवळजवळ वीसपट अवघड झालं! दिवसा उन्हात हे जाणवत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात लगेच जाणवतं.

मागच्या छोट्या स्क्रीनवर मात्र सगळं गोड दिसतं, कारण तीन इंचांत २० मेगापिक्सेलचा फोटो आकसून बसवलेला असतो. फोटो काढल्यावर बघताना झूमचं बटण दाबून चेहरा मोठा करून बघायची सवय लावून घ्या. फोटो गेलाय हे तिथंच कळलं, तर दुसरा काढता येतो.

धूसर म्हणजे नक्की कसा

गिऱ्हाईक फक्त "धूसर" म्हणतं. मला मात्र त्यात पाच वेगवेगळे आजार दिसतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. फोटो कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करा आणि एखादी चमकणारी बारीक वस्तू शोधा. मी बायकांच्या फोटोत गळ्यातला साज बघतो. त्यातल्या प्रत्येक पानावर उजेडाचा एक ठिपका असतो.

तो ठिपका रेघ झाला असेल आणि अख्ख्या फोटोभर तशाच, एकाच दिशेच्या रेघा असतील, तर हात हलला. मागचा पडदा स्वच्छ आणि फक्त नाचणाऱ्या मुलीचा हात पुसटलेला असेल, तर मुलगी हलली. ठिपका ठिपक्यासारखाच आहे, पण साजाची पानं एकमेकांत मिसळलीत, पापण्या गायब आहेत आणि चेहरा ओल्या रंगानं रंगवल्यासारखा दिसतोय, तर आयएसओ फार चढलाय. मागचं कॅलेंडर वाचता येतं आणि पुढचा चेहरा मऊ आहे, तर फोकस चुकलाय. आणि भर दिवसाच्या फोटोतही दुधाळ पडदा असेल, दिव्यांभोवती तेजोवलय असेल, तर लेन्सवर बोटाचं तेल, वाफ किंवा बुरशी आहे.

हात हलत असेल तर आधी झूम मागे घ्या आणि स्वतः पुढं व्हा. पुढं जायची लाज वाटून उपयोग नाही. जाता येत नसेल तर कॅमेरा खुर्चीच्या पाठीवर, खांबाला, टेबलावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा झटकाही निघून जातो. नवा घेणार असाल तर ऑप्टिकल स्थिरीकरण, म्हणजे हाताचा हलका कंप सावरणारी लेन्सच्या आतली व्यवस्था, आहे का ते नक्की बघा. एकाच मालिकेतही फरक असतो. सोनीच्या डब्ल्यू८०० मध्ये ते नाही, डब्ल्यू८३० मध्ये आहे. कॅननच्या इक्सस १८५ मध्ये नाही, १९० मध्ये आहे. 'डिजिटल स्थिरीकरण' असं लिहिलेलं असेल तर ती लेन्सच्या आतली व्यवस्था नव्हे.

पण एक लक्षात ठेवा, स्थिरीकरण तुमचा हात सांभाळतं, समोरच्याची हालचाल नाही. लेझीम, मर्दानी खेळ, घरातलं रांगतं बाळ, यांना उजेड किंवा फ्लॅशच लागतो. आणि या कॅमेऱ्यांचा फ्लॅश झूम न करता साधारण तीन मीटरपर्यंत पोचतो, पूर्ण झूमला त्याच्या निम्मा. हॉलच्या मागच्या रांगेतून मारलेला फ्लॅश पुढच्या माणसाच्या टकलावर पडतो आणि स्टेज काळंच राहतं.

आयएसओबद्दल माझं मत पक्कं आहे. या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, तुमच्या करंगळीच्या नखाहूनही लहान. त्यावर २० मेगापिक्सेल बसवलेले. ऑटोवर ठेवलं की घरात तो आयएसओ ८००, १६०० असा चढवत नेतो आणि मग दाणे लपवायला सगळं गुळगुळीत करून टाकतो. मेन्यूत जाऊन प्रोग्राम मोड निवडा आणि आयएसओ ४०० वर थांबवा. शटर थोडं हळू पडेल, ते टेकू देऊन सांभाळा. डब्यावरचे मेगापिक्सेल बघून जास्त पैसे देऊ नका. चार बाय सहाच्या प्रिंटला मला २ मेगापिक्सेल पुरतात, आठ बाय बाराला साडेआठच्या आसपास. रोज प्रिंट काढणारा माणूस हे सांगतोय.

फोकसची चूक फोनमुळे लागलेल्या सवयीची आहे. फोनवर बोट टेकवलं की फोटो निघतो. कॅमेऱ्याच्या बटणाला दोन टप्पे असतात. अर्धं दाबा, हिरवा चौकोन आणि 'टीट' आवाज येऊ द्या, मग पूर्ण दाबा. काउंटरवर मी प्रत्येकाकडून हे पाच-सहा वेळा करून घेतो. बाईंनीही केलं. एप्रिलमध्ये त्या पाचवीच्या निरोप समारंभाचे फोटो प्रिंटला घेऊन आल्या, त्यातले चाळीसेक मी आनंदानं छापले.

एवढं सगळं करूनही फोटो बिघडत असेल तर ही चाचणी करा. भिंतीला वर्तमानपत्राची पूर्ण पानं चिकटवा, दिवसा, दाराजवळच्या उजेडात. झूम न करता, कॅमेरा टेबलावर ठेवून, सरळ समोरून फोटो काढा. मधली आणि चारही कोपऱ्यांतली अक्षरं मोठी करून बघा. चारही कोपरे सारखेच किंचित मऊ असतील तर ते या लेन्सचं नेहमीचंच आहे. पण एकच बाजू दर वेळी धूसर असेल, तर आतलं भिंग तिरकं बसलंय. हा खरा दोष, आणि तो सेटिंगनं जात नाही. परत करायची मुदत असते तोवर, म्हणजे कॅमेरा हातात आल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच ही चाचणी करा. महिन्यानं माझ्याकडं आणलात तर मी हळहळण्यापलीकडं काही करू शकत नाही.

लेन्स बाहेर येते, कटकट करते आणि बंद होते

चैत्र यात्रा झाली की पुढच्या आठवड्यात हे कॅमेरे यायला लागतात. दरवर्षी, न चुकता. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्याची उधळण होते तेव्हा हवाच गुलाबी झालेली असते, आणि त्या हवेत कॅमेरा चालू ठेवला जातो.

कसबा बावड्याचा एक पोरगा आला होता. "दादा, लेन्स भाईर येतीया, तीनदा कटकट करतीया, आन तशीच राहतीया. स्क्रीनवर लेन्स एरर." मी भिंगाखाली धरून बघितलं. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात, दुर्बिणीसारख्या. त्या दोन नळ्यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत गुलालाची गुलाबी रेघ गोल फिरून बसलेली होती. नळी आत जाताना बाहेरची धूळ पुसून आतच ओढून नेते. आतली मोटर अगदी छोटी आणि दात प्लास्टिकचे. अडलं की ती दोन-तीनदा प्रयत्न करते आणि दात तुटू नयेत म्हणून स्वतःच थांबते. ती कटकट म्हणजे बिघाड झाल्याची खूण नाही, पण पुढं होऊ शकतो याची सूचना आहे. म्हणून परत परत चालू-बंद करून बघू नका.

घरी काय करता येईल ते सांगतो. आधी बॅटरी आणि कार्ड काढा. कॅमेरा असा धरा की लेन्सचं तोंड जमिनीकडं येईल. रबरी फुग्याच्या ब्लोअरनं फटीत सगळीकडून हवा मारा, म्हणजे सुटलेला गुलाल खाली पडेल. मग व्हिजिटिंग कार्डाहून पातळ कागदाची पट्टी घेऊन, जोर न लावता, फटीत गोल फिरवा. मऊ कोरड्या ब्रशनं परत झाडा, परत ब्लोअर. हे निदान दहा मिनिटं, सावकाश. मग पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालून, लेन्स खालीच ठेवून, चालू करा. कमी चार्जमुळेही लेन्स अर्ध्यात थांबते, म्हणून बॅटरी भरलेलीच हवी.

त्या पोराचा कॅमेरा असाच तिसऱ्या प्रयत्नाला सुटला. सगळ्यांचे सुटत नाहीत. पडल्यामुळे नळी तिरकी झाली असेल तर लेन्सचा अख्खा संच बदलावा लागतो, आणि स्वस्त कॅमेऱ्यात तो खर्च बहुतेक वेळा परवडत नाही. तसं असेल तर मी सरळ सांगतो.

गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. ती गुलाल आत सेन्सरपर्यंत ढकलते. ओलं फडकं तर अजिबातच नको, गुलाल भिजला की त्याचा चिखल होऊन घट्ट बसतो. डब्ल्यूडी-४० सारखं तेल मारून आणलेले दोन कॅमेरे मी पाहिलेत, दोन्हींच्या आतल्या भिंगांवर तेलाचा पापुद्रा पसरला होता.

पुढच्या वर्षी जाताना कॅमेरा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घाला, लेन्सपुरतं भोक पाडा आणि कडेला रबर लावा. उधळण सुरू असताना झूम हलवू नका, कॅमेरा बंद करू नका. डोंगरावरून खाली आल्यावर बाहेर आलेली नळी आधी झाडा, मगच बंद करा. हाच नियम विसर्जन मिरवणुकीला आणि कोकणात वाळूवर गेल्यावर.

गुलालातल्या आणि भुरभुर पावसातल्या फोटोंवर पांढरे गोल डाग येतात, त्याची तक्रारही याच दिवसांत येते. सेन्सर खराब झाला असं वाटतं. तसं नाही. फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे लेन्ससमोर इंचभरावर तरंगणारा कण उजळतो आणि मोठा गोल होऊन फोटोत येतो. फ्लॅश बंद करा, डाग जातील.

बॅटरी आणि कार्ड

पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल घालून "दहा फोटोंत बॅटरी संपली" असं सांगणारे खूप. त्या सेलना एवढा प्रवाह देता येत नाही. २००० एमएएचच्या आसपासचे रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल आणि त्यांचा चार्जर घ्या, तक्रार संपली. चपट्या लिथियम बॅटऱ्या ६००-८०० एमएएचच्या असतात, दोनेकशे फोटो देतात. कपाटात पाच-सात वर्षं पडून फुगलेली असेल तर वापरू नका, चार्जही करू नका. तारीख दर वेळी पुसली जात असेल तर भरलेली बॅटरी घालून कॅमेरा एक दिवस तसाच ठेवा. तारीख जपणारी आतली छोटी बॅटरी त्यातून भरते.

कार्डाचं म्हणाल तर जुन्या कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड घालून 'कार्ड एरर' येणारच. अगदी जुन्यांना २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड चालतं, त्यानंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना एसडीएचसी, म्हणजे ३२ जीबीपर्यंत. ८ किंवा १६ जीबीचं घ्या आणि कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करा. फोटोचा वरचा अर्धा भाग ठीक आणि खालचा राखाडी येत असेल तर संशय कार्डावर घ्या. वर मोठा आकडा छापलेली बनावट कार्डं बाजारात आहेत, ती ठरावीक जागेपुढं जुन्या फोटोंवरच नवे लिहितात. कॉम्प्युटरवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू (H2testw) नावाचा मोफत प्रोग्रॅम कार्ड खरोखर किती जीबीचं आहे ते तपासून देतो. चाचणीआधी फोटो उतरवून घ्यायला विसरू नका.

आपल्याकडचा पाऊस

जून ते सप्टेंबर कोल्हापुरात कपाटातल्या चपलांवर बुरा चढतो, तसाच तो लेन्सच्या आतही चढतो. दिव्याकडं धरून बघितलं की भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. लेन्सच्या आतली बुरशी स्वस्त कॅमेऱ्यात काढणं जवळजवळ अशक्य, म्हणून ती होऊच द्यायची नाही. कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पाऊचमध्ये पावसाळाभर ठेवू नका, ते ओल धरतात. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. आतले निळे दाणे गुलाबी झाले की पुडी बदला. तांदळात पुरू नका, त्याची भुकटी फटीत जाते. आणि आठ-पंधरा दिवसांतून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा.

पन्हाळ्यावर धुक्यात एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका. उतरायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीत ठेवून बाहेरच्या हवेला येऊ द्या.

मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला तो याच गावात, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ उभा आहे. त्या गावात नुसत्या गुलालामुळं अडकलेला कॅमेरा भंगारात गेलेला बघवत नाही, म्हणून इतकं लिहिलं.

दुरुस्तीला कुठंही नेताना बिघडलेले चार-पाच फोटो मूळ कार्डावर तसेच ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून शटर, आयएसओ, झूमची सगळी माहिती पुसली जाते आणि मग दुकानदाराला अंदाजच करावा लागतो. सोबत बॅटरी, चार्जर, बिल आणा. आणि कॅमेरा पडला असेल, भिजला असेल तर तेही आधीच सांगा. उघडल्यावर ते दिसतंच, पण आधी कळलं तर उघडायची पद्धत बदलते.